जित्या माणसाचं रडणं

येत्या सोमवारी नांदेडच्या दवाखान्यात जाणार नाही, असं पारुबाई म्हणाली, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. संध्याकाळी वरणात मीठ दोनदा पडलं. दीपाने ते तसंच खाल्लं, अभ्यास केला आणि झोपली. तिची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, आणि मी तिची काळजी करायची सोडून पारुबाईची करत बसले आहे.

सहापैकी तीन सलाइन झाली. चौथं सोमवारी. मागच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मावशींची तारीख चुकू देऊ नका. मधे मोठा खंड पडला तर फार अवघड होईल." आणि पारुबाई म्हणते, न्हाई.

तिला सुईची भीती नाही. उलट्यांची नाही. स्वतःच्या मरणाचं तर ती शेळीच्या बाजारभावासारखं बोलते. तिला भीती आहे ती नवरा मरण्याची. आणि नवरा धडधाकट आहे. आज दुपारीच त्याने माझ्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या.

हे असं कसं झालं ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही.

मी १९९१ साली वारंगा फाट्याजवळच्या बंजारा तांड्यावर शाळेत लागले. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. फाट्यावर खोली केली आणि रोज आठ महिन्यांच्या दीपाला कडेवर घेऊन दीड किलोमीटर चालत जायचे. सोबत उकळलेल्या पाण्याची बाटली, दोन झबली, ग्राइप वॉटर, आणि दृष्ट लागू नये म्हणून आईने दिलेला काळा मणी. बी.ए. झालेली असूनही तो मणी मी कधी विसरले नाही. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या शेजारच्या घरातून एक बाई आली, पोरीला माझ्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि म्हणाली, "बाई, तू पोरगी जन्माला घातली की काचेचं भांडं इकत आणलं?"

ती पारुबाई. तेव्हा चाळिशीची असेल. आरसे लावलेली चोळी, त्यांची काचळी, दंडापर्यंत पांढरे चुडे, डोक्यावरून टुकरी, म्हणजे त्यांची ओढणी, आणि कानाजवळ दोन्ही बाजूंना केसात गुंफलेल्या चांदीच्या लोंबत्या घुगऱ्या. दीपा त्या धरून ओढायची. पारुबाई ओरडायची नाही, डोकं वाकडं करून तशीच भाकरी थापायची.

ती सगळ्यांना अरे-तुरे करते. केंद्रप्रमुखांना केलं, तलाठ्याला केलं. त्यात उद्धटपणा नाही, तिच्या मराठीत दुसरं रूपच नाही. नवरा किसनसिंग तिच्या उलट, सावकाश, कमी बोलणारा, तंबाखू मळत तिचं बोलणं ऐकत बसणारा. मुलगा प्रेमदास आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते चैत्राच्या आसपास परततात. घरात तोवर ही दोघं आणि तीन शेळ्या. शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हापासून ती पारुबाईच शिजवते.

मागच्या पावसाळ्यात एकदा चुलीपाशी तिने माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. "हितं पाय. हरभऱ्याएवढं व्हतं, आता लिंबाएवढं झालं."

"कधीपासून?"

"गेल्या होळीपासून."

"आणि आत्ता सांगता?"

"दुखत न्हाई तर काय सांगू? तुला सांगितलं असतं तर तू जेवली असतीस का?"

मी तेव्हापासून खरंच धड जेवले नाही. ऑपरेशन झालं, आणि या जानेवारीत सलाइन सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी एक. पहिल्या वेळी मी रजा टाकून सोबत गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाटली अडकवली, मग मोठ्या सुईतून लाल औषध सोडायला लागले. पारुबाई टक लावून बघत होती.

"काहून रे डॉक्टर, लाल काहून हाय? रंग घातला का?"

"औषधच लाल आहे, मावशी. लघवीही एक-दोन दिवस लाल होईल. घाबरायचं नाही."

"मंग होळीला रंग इकत आणायची गरज न्हाई."

शेजारच्या खाटांवरच्या बायका हसल्या. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, "दोन-अडीच आठवड्यांनी केस जातील. सगळे जातील. औषधं संपली की परत येतात."

"जाऊ दे की. मला काय आता दाखवायला बसवायचं हाय?"

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. किती हलकं घेतलं हिने, असं वाटून मला बरंही वाटलं. तेव्हा ती केसांबद्दलच बोलत होती, आणि केसांना काय बांधलेलं आहे याचा विचार तिनेही केलेला नव्हता, मीही नाही.

पुढचे दिवस तिने कसे काढले हे मी रोज बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं नवल वाटायचं. चौथ्या दिवशी तिला स्टीलच्या ताटात लोखंडाची चव यायला लागली. पाण्यालाही तांब्याची चव. तिने दोन दिवस उपास काढला आणि तिसऱ्या दिवशी पळसाची पानं आणून पत्रावळी लावल्या. पाणी मडक्यातून भोपळ्याच्या डावाने प्यायला लागली. तोंड आलं तेव्हा ज्वारीची आंबील रात्री करून ठेवायची आणि सकाळी गारच प्यायची. फोडणीचा वास सहन होईना तेव्हा खिचडीची फोडणी किसनसिंगला घालायला लावली. ती स्वतः वाऱ्याच्या बाजूला लांब उभी राहून तिथूनच सूचना द्यायची, "अरे आता हळद! हळद टाक, पायतोस काय!" मिठाची चव तिला कळत नव्हती. पहिले दोन दिवस खिचडी अशी खारट झाली की अर्धी शाळा हापशावर. मग चाखायचं काम माझ्याकडे आलं.

एकवीस दिवसांचे तिने तिच्या हिशेबाने तीन वाटे केले होते. पहिले पाच दिवस मेलेले. पुढचे पाच लंगडे. आणि उरलेले अकरा, ते माझे, असं म्हणायची. जळण गोळा करणं, सारवणं, दळण, शेळ्यांचं सगळं काही ती त्या अकरा दिवसांत बसवायची. मला कोणी इतकं शहाणं वेळापत्रक करायला सांगितलं असतं तर जमलं नसतं.

सतराव्या दिवशी सकाळी ती शाळेत आली ती टुकरी भुवयांपर्यंत ओढून. मुठीत एक फडकं. सोडून दाखवलं. आत दोन्ही घुगऱ्या होत्या, वेणीसकट. मुळापासून सुटलेल्या दोन बारीक वेण्या.

"निघून आल्या बाई."

मी म्हणाले, "अहो, केस येतील परत. डॉक्टर म्हणालेत ना."

तिने फडकं माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "केसाचं कोण बोलून राहिलं?"

मग मला कळलं. चौदा वर्षं मी त्या घुगऱ्या दागिना म्हणून बघत होते. लग्नात सासूने बांधलेल्या घुगऱ्या तांड्यातली बाई एकदाच उतरवते, नवरा गेल्यावर. आपल्याकडे कुंकू पुसतात तसं. कुंकू कपाळावर लावता येतं, कपाळ कुठे जात नाही. घुगऱ्यांना केस लागतात.

त्यावरही तिने उपाय काढला. काळा करदोडा डोक्याभोवती बांधला आणि त्याला दोन्हीकडून घुगऱ्या अडकवल्या. वरून टुकरी. लांबून कळायचं नाही. पण नुसत्या टाळूवर दोरा काचायचा, घामाने चुरचुरायचा, फोड यायचे. सैल बांधला तर घसरून गळ्यात यायचा. अशा अवस्थेत तिने दुसरं सलाइन घेतलं आणि तिसरंही.

तिसऱ्यानंतर बाराव्या दिवशी, म्हणजे तिच्या "माझ्या" दिवसांत, ती आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेली. गर्दीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण किसनसिंगला लसूण घेता येत नाही, तो पोकळ गड्डे आणतो, असं तिचं म्हणणं. मी आणि दीपाही बाजारात होतो. दुपारी ऊन चढलं. पारुबाई कडेला लिंबाखाली टेकली, करदोडा सोडला आणि घुगऱ्या काचळीत ठेवल्या. घटकाभर, डोक्याला वारा लागावा म्हणून. टुकरी मागे सरकली.

तेवढ्यात सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरची जनकाबाई तिथून चालली होती. पारुबाईची मावसबहीण. दोन वर्षांत भेट नव्हती. तिने बघितलं, बहिणीच्या डोक्यावर केस नाहीत, कानाशी घुगऱ्या नाहीत. तिने हातातली पिशवी टाकली, धावत आली, पारुबाईच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडायला लागली.

त्यांच्यातलं रडणं नुसतं रडणं नसतं. त्याला चाल असते, शब्द असतात. गेलेल्याचं नाव घेऊन त्याचे गुण गात गात रडतात, आणि जिच्या गळ्यात पडून रडतात तिनेही उत्तर देत रडायचं असतं. त्यांची बोली मला निम्मीच कळते, पण किसनसिंगचं नाव मला कळलं. त्याचे बैल कळले. तो लग्नात किती चांगला गायचा ते कळलं. त्याने भर पुरात कोणाला तरी पाठीवर बसवून आणलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि किसनसिंग दहा पावलांवर लसूण निवडत होता.

आपलं नाव ऐकून तो आला. मला वाटलं, आता ओरडेल. तो हातात लसणाचा गड्डा घेऊन नुसता ऐकत उभा राहिला. नंतर मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी बोललं न्हाई. म्हणलं, पुढं काय म्हणती ते तरी ऐकावं."

शेवटी जनकाबाईने डोळे उघडले. समोर किसनसिंग. तिने अशी किंकाळी फोडली की कांद्याच्या ढिगामागचा माणूस उठून उभा राहिला.

"व्हय, मीच हाय," किसनसिंग म्हणाला. "पुराचं सांगून झालं का?"

सगळा बाजार हसला. दीपा हसून हसून खाली बसली. जनकाबाई पिशवी न उचलताच जीपकडे पळाली. पण तिच्या तांड्यावरची दोन माणसं ते रडणं ऐकून आधीच्या जीपने निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात जण दुखवट्याला आले. किसनसिंगनेच त्यांना खाट टाकून दिली, चहा केला. थावरा नावाच्या एका म्हाताऱ्याने त्याचा दंड चिमटून बघितला आणि रागावून म्हणाला, "मी ढोराला वैरण न टाकता आलो!" किसनसिंग म्हणाला, "मंग काय मरू का आता तुझ्यासाठी?"

एवढ्या सगळ्यात एकच माणूस हसलं नाही.

मी नंतर पारुबाईला विचारलं, "तिने रडायला सुरुवात केली तेव्हाच का नाही सांगितलं, की अगं, तो बघ तिथे उभा आहे?"

"गळ्यात पडलेल्या बाईला ढकलतात का?"

"पण तोंडाने सांगता आलं असतं."

तिने शेळीच्या अंगावरची एक गोचीड काढून चिरडली. मग म्हणाली, "मी बी रडले बाई. तिला जाब दिला. त्याचं नाव घेऊन रडले. तुला कळलं न्हाई, आमच्या बोलीत व्हतं."

मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती नुसती हुंदके देते आहे.

"का पण?"

"मला काय मालूम. ऑपरेशन झालं तवा रडले न्हाई, केस गेले तवा न्हाई. तिनं गळा काढला आन् माझा बी निघाला. रडायचे शबुद एवढेच येतात. दुसरे कुठून आणू?"

याचा मी किती दिवस विचार करते आहे. स्वतःसाठी रडायचं गाणं त्यांच्यात नाही का? असेल, तर तिला माहीत नव्हतं का? की बाईने स्वतःसाठी रडायची वेळ कधी कोणी धरलेलीच नाही? जे गाणं तोंडपाठ होतं त्यात तिने स्वतःचं दुखणं घातलं, आणि घातल्यावर तिच्या लक्षात आलं की नाव नवऱ्याचं घेतलं.

तिचा हिशेब आता पक्का आहे. औषधाने केस नेले, केसांनी घुगऱ्या नेल्या, रडणंही होऊन गेलं. "आता न्यायचा ह्योच उरला. अजून एक बाटली घेतली की त्याला नेईल. मी न्हाई टोचून घेत."

"अगं, मला काय व्हऊन राहिलं?" किसनसिंग म्हणाला. "दोन भाकरी खाऊन राहिलो."

"म्हणूनच म्हणते. खातोस तवर खा."

मला आधी वाटलं, घुगऱ्यांचा प्रश्न सुटला की बाकीचं आपोआप सुटेल. दीपाने सुती टोपी शिवली, काळ्या लोकरीच्या दोन बारीक वेण्या करून कानाजवळ पक्क्या बसवल्या. भूमितीच्या सरावाचे दोन दिवस त्यात गेले, मी जाऊ दिले. पारुबाईने वेण्यांत घुगऱ्या गुंफल्या, टोपी घातली, मान हलवून बघितली. दोरा नाही, काच नाही. तिला ती मनापासून आवडली. झोपतानाही काढत नाही, असं किसनसिंग सांगतो. दीपाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आणि मग म्हणाली, "टोपी बराबर झाली. पण रडणं झालं ते झालं."

आज दुपारी मी तांड्याच्या नायकांकडे गेले. नरसिंग नायक सत्तरीचे आहेत, त्यांना सगळ्या रीती माहीत आहेत. मी विचारलं, जिवंत माणसाचं रडणं पडलं तर ते परत फिरवायची काही रीत आहे का? त्यांनी डोळे मिटून विचार केला. म्हणाले, "न्हाई."

"काहीच नाही?"

"बाई, रीत कधी पडती? तसं कुणाचं झाल्यावर. असं कुणाचं झालंच न्हाई. दवाखान्यात केस जाऊन घुगऱ्या सुटलेली आमच्या इकडं ही पहिलीच."

तिथून पुन्हा पारुबाईकडे आले. ती टोपी घालून दारात ज्वारी निवडत होती. मी चिडले होते. म्हणाले, "नायक म्हणतात, असं आधी कधी झालं नाही. मग रडण्याने माणूस जातो हे तरी कोणी कधी बघितलंय?"

"न्हाई बघितलं."

"मग?"

"तू पोरगीला काळा मणी काहून बांधलास? बघितलं व्हतं का तू काही?"

मी उठले. दारातून निघताना नुसतंच विचारलं, "मग हे रडणं मागे कोण घेईल? तुम्ही?"

"मी कशी घेऊ? मी निस्ता जाब दिला. सुरुवात तिनं केली. तिलाच इचार."

मला वाटलं, ती मला वाटेला लावते आहे. घरी आले, वरण बिघडवलं, दीपा झोपली. आणि आता लिहिता लिहिता लक्षात येतंय, की ती टाळत नव्हती. मी विचारलं त्याचं तिने सरळ उत्तर दिलं. आजवर या सगळ्यात डॉक्टरांना विचारलं, नायकांना विचारलं, किसनसिंगला विचारलं. जनकाबाईला कोणीच विचारलं नाही. ती बिचारी त्या दिवसापासून लाजेने घराबाहेर पडत नाही म्हणतात.

तिच्याकडे फोन नाही. पण दुखवट्याला आलेला थावरा जाताना किसनसिंगच्या हातात एक चिठ्ठी कोंबून म्हणाला होता, "पुढच्या बारीला खरं मेलास का ते आधी इथं फोन करून सांगत जा." त्यांच्या तांड्याजवळ कादरभाईंचं किराणा दुकान आहे, तिथल्या रुपयाच्या फोनचा नंबर चिठ्ठीत होता. किसनसिंगने ती मला हसत हसत दाखवली होती आणि मी सवयीने नंबर उतरवून घेतला होता. मी सगळेच नंबर उतरवून घेते.

जनकाबाईला काय सांगायचं हे मला माहीत नाही. बाई, तुम्ही उद्या या. मागे कसं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, नवी चाल लावा, हसा, भांडा, किसनसिंगला शिव्या द्या. आणि सोमवारी नांदेडच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसा. ती म्हणेल, मला असलं काही येत नाही. तिला खरंच येत नसेल. किंवा असंही असेल की त्या दोघी बहिणी एकमेकींसमोर बसल्या की त्यांना काहीतरी सुचेल, जे मला आणि नायकांना सुचायचं नाही. मला ते बघायचं आहे.

कादरभाईंचं दुकान सकाळी सहाला उघडतं, दूधवाल्यांसाठी. साडेपाचला उठून बरोबर सहाला मी फोन लावणार आहे. त्यांना म्हणेन, तांड्यावरून जनकाबाईंना बोलावून आणा, मी दहा मिनिटांनी परत करते. आणि आधीच सांगा म्हणेन, कोणी गेलेलं नाही.